भोक असेल तर

लिंबायतच्या कारखान्यात सुपडू बावीस वर्षं साडीच्या नक्षीसाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडत होता. ते काम कॉम्प्युटरकडे गेलं, तेव्हा आपणही कॉम्प्युटरकडेच जावं असं त्यानं ठरवलं. वेबसाइट बनवायची पीएचपी शिकायची म्हणून पुतण्या योगराजनं त्याला पुस्तकाच्या दुकानात नेलं आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक पुढे केलं. "काका, सगळे हेच घेतात."

सुपडूनं मात्र पातळसं हिंदी पुस्तक उचललं, कारण मधलंच पान उघडलं तर त्याला ते कळलं. अट पुरी झाली तर हे कर, नाहीतर ते कर. पट्टीला भोक असेल तर मागावरचा धागा वर येतो, नसेल तर खालीच राहतो. यात नवीन काय होतं?

महिन्याभरानं तो त्याच पानावरच्या स्वाध्यायाला बसला. नोकरीच्या अर्जाचा फॉर्म बनवा, वय पस्तिसाच्या वर असेल तर अर्ज नाकारा, आणि स्वतःची माहिती भरून तपासा. त्यानं नाव टाकलं, अनुभव बावीस वर्षं, वय सेहेचाळीस, आणि बटण दाबलं. त्यानंच लिहिलेलं वाक्य लाल अक्षरांत समोर आलं : आप इस नौकरी के योग्य नहीं हैं.

शेजारी साडीला टिकल्या चिकटवत बसलेल्या बायकोनं, उषाबाईनं, मान वर न करता विचारलं, "जमनं का हो?"


"जमनं," सुपडू म्हणाला. "एक बी चूक नही."