पाण्याची खूण

"वाइन पुन्हा कमी भरली!" प्लासिदो ओरडला. "म्हातारा पाणीवाला आहे, पाणीवाला!"

शब्द पडला तशा खोलीतल्या सगळ्या माना म्हाताऱ्याकडे वळल्या. सिंतीच्या खोऱ्यात माणसाला चोर म्हणा, तो हसेल. खुनी म्हणा, तो विचारील, कुणाचा? पण वाइनमध्ये पाणी घालतो म्हणा, की त्याचं गाढवसुद्धा त्याच्या हातची बादली आधी हुंगून बघतं.

सातुर्निनो म्हातारा टोपी हातात धरून उभा होता. वाइनवाल्यांच्या संघाचा नियम त्याला ठाऊक होता. वाइन पुरेशी कडक नसेल तर ती दारू गाळायच्या सामाईक भट्टीत जात नाही. आज त्याला शेवटची संधी होती. आजही कमी भरली की संघातून नाव बाद, आणि मग मरेपर्यंत 'पाणीवाला'.

"थांबा," होविता म्हणाली. "मला एकदा परत बघू दे."

होविता संघाची रसायनतज्ज्ञ. तिच्या टेबलावर एक पितळेची पोट सुटलेली किटली होती आणि किटलीत पाऱ्याची नळी खोचलेली. गावानं तिचं नाव ठेवलं होतं जाडी. जाडीचा हिशेब सरळ होता. आधी तिच्या पोटात शुद्ध पाणी उकळायचं आणि पारा थांबेल तिथं खूण करायची. मग पाणी ओतून देऊन वाइन उकळायची. वाइनचा पारा त्या खुणेच्या जितका खाली थांबेल, तितकी वाइन कडक. पाण्याची खूण दर खेपेला नव्यानं करायची, कारण डोंगरातली हवा घडीघडीला बदलते आणि हवा बदलली की उकळणंही बदलतं. यंत्राची चूक अशी आधीच वळती करून घ्यायची.

हवेच्या चुका होविताला तोंडपाठ होत्या. ही चूक मात्र तिला कुठं भेटली नव्हती. सातुर्निनो घरी असला की त्याची वाइन खणखणीत भरायची. तो समोर उभा राहिला की बापुडी व्हायची. आणि मोजताना मालक समोर हवा, हा संघाचाच नियम. तिनं दिव्याची वात बदलली, नळी व्हिनेगरनं धुतली. गाव म्हणे, जाडी म्हाताऱ्याला लाजते. प्लासिदो म्हणे, म्हाताऱ्याच्या मनात पाप आहे, ते पितळेला कळतं.

होवितानं नळीवर नाक टेकवलं. काल म्हातारा घरी असताना वाइनचा पारा जिथं होता, आजही तिथंच होता. पाण्याची खूणच खाली उतरली होती.

"काका," ती सावकाश म्हणाली, "तुमची वाइन घसरत नाहीये. माझं पाणी घसरतंय."

तिनं जाडी विसळून नवं पाणी भरलं आणि काड्यापेटी घ्यायला नेहमीसारखी पाठ फिरवली. या वेळी नजर मात्र कपाटाच्या काचेवर ठेवली. काचेत म्हाताऱ्यानं कोटातून चपटी बाटली काढली, ओठ पुटपुटले, आणि झाकणभर काहीतरी जाडीच्या तोंडात गेलं.

"काय ओतलंत?"

म्हातारा दचकला. "पहिला घोट, बाई. धरणीमायचा."

"यंत्रात?"

"मग कुठं ओतू? भुईवर ओतला की तुम्ही ओरडता, पांढऱ्या फरश्या चिकट होतात म्हणून. तिला दिल्याशिवाय माझी वाइन तोलायला कसा उभा राहू? काही लाजलज्जा आहे की नाही मला?"

होवितानं बाटली हुंगली. डोळ्यांत टचकन पाणी आलं. सिंगानी, म्हणजे वाइन गाळून काढलेली कडक दारू; दोनदा गाळलेली, म्हाताऱ्याच्या घरातली सगळ्यात जुनी. दारू पडली की पाणी लवकर उकळणार, खूण खाली येणार, आणि मग चांगली वाइनही नेभळट दिसणार. फरश्या तिनंच हौसेनं बसवून घेतल्या होत्या.

"आणखी कोण कोण ओततं?" तिनं खोलीला विचारलं.

आधी सगळ्यांनी छताकडे पाहिलं. मग एकेका कोटातून एकेक बाटली बाहेर आली.

"थोडीशीच, बाई."

"मी तर नुसता वास दाखवतो."

म्हणजे ढगांवर ढकललेल्या तिच्या त्या सगळ्या बारीकसारीक चुका इथून येत होत्या तर!

प्लासिदो छाती काढून पुढं आला. त्यानं आपली बाटली सगळ्यांसमोर नाचवली. "मीसुद्धा ओततो! दर वेळी, काठोकाठ झाकणभर. माझी वाइन कधी कमी भरली? उगाच यंत्राला कशाला बोल लावता, बाई? पाणीवाल्याला लावा."

खरंच की. होवितानं भुवया उंचावल्या. तिला राग आला नव्हता. तिला कोडं पडलं होतं. सगळ्यांची खूण हलते, मग याची का हलत नाही?

"प्लासिदोभाऊ, ती बाटली जरा देता?"

"ही? ही धरणीमायची आहे."

"घोटभरच."

"दे रे," सातुर्निनो म्हणाला. "माय काही एवढ्यानं रुसायची नाही."

सगळे बघत होते. प्लासिदोला हात पुढं करावाच लागला.

होवितानं जाडी विसळली, शुद्ध पाणी उकळलं, ताजी खूण केली. मग पाणी ओतून देऊन तिनं प्लासिदोचा नैवेद्य आत ओतला आणि दिवा लावला. तंबाखूसारखी कोकाची पानं चघळणारे जबडे थांबले. पारा चढू लागला. सिंगानी जिथं उकळते तिथं तो थांबला नाही. वाइन जिथं उकळते तिथंही नाही. तो चढत चढत शुद्ध पाण्याच्या खुणेला येऊन टेकला, आणि तिथून रेघभरही हलला नाही.