हात ओळखणारं पिस्तूल

२०१४ साली व्हर्जिनियाच्या खाडीकाठी रस्कच्या बंदुकांच्या दुकानात धन्याच्या बोटांचे ठसे पटल्याशिवाय न चालणारं पिस्तूल आलं. आयडाबाई एकट्या राहत, शनिवारी लहानगी नात यायची. त्यांना तसलंच हवं होतं. ठसे नोंदवायला त्यांनी मुठीत धरलं, लाल दिवा लागला. पुन्हा धरलं, पुन्हा लालच. “हात पुसा की, मावशी,” रस्क म्हणाला. “पुसून काय? चाळीस वर्षं खेकडे सोलून ठसेच झिजलेत.” असली पिस्तुलं आली की सरकार साधी बंद करील, म्हणून दारात निषेधाला आलेला त्यांचा भाऊ वेंडेल हसला. “ताई, आपलं जुनंच बरं. कुणाच्याही हातात चालतं.” “चालतं तर. माझ्या चार वर्षांच्या नातवाच्या हातात चाललं, तुझ्या गाडीतलं. त्याला पुरताना का नाही हसलास?” निषेधवाल्यांच्या धमक्या आल्या तशी रस्कनं ते पिस्तूल परत धाडलं. वेंडेल अजून जुनंच बाळगतो. त्या दिवसानंतर आयडाबाई मरेपर्यंत त्याच्याशी बोलल्या नाहीत. ती रीत आता नात पाळते.