गरम हात

ड्रायव्हरच्या पोटावर सिस्टरने हात ठेवला आणि पोट फळीसारखं ताठ झालं.

"काय लागतंय?" व्हिडिओच्या पडद्यावरून डॉक्टरांनी विचारलं.

"सगळंच कडक लागतंय, डॉक्टर."

"सगळंच कसं कडक असेल, सिस्टर?"

आता याला काय उत्तर द्यायचं? बावीस वर्षं तिने या माणसाच्या शेजारी उभं राहून बॅटरी धरली होती, सुया टोचल्या होत्या, नाडी मोजली होती. पण पोट चाचपायचं ते त्यांनीच. महिन्यापूर्वी वरून कागद आला आणि डॉक्टर शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात गेले. पाच गावांतल्या पाच दवाखान्यांना मिळून ते एकटेच उरले, तेही पडद्यावर. पडदा चाकाच्या उंच दांड्यावर बसवलेला. वॉर्डातल्या मावशींनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव बगळा ठेवलं. एका पायावर उभा राहून टकामका बघतो मेला, असं त्या म्हणायच्या.

अर्धा वॉर्डही आता बंदच होता. रिकाम्या खाटांवर पांढऱ्या चादरी ओढलेल्या. दुपारचं ऊन आत आलं, वाऱ्याने खिडकीचे पडदे फुगले, की त्या खाटा पाण्यावर हलकेच डुलताहेत असं वाटायचं. जेवणानंतर सिस्टर त्यांच्याकडे बघत बसायची आणि वेळ कसा गेला ते तिला कळायचं नाही.

"आता उजवीकडे या. खाली. हळूहळू..." डॉक्टरांनी डोळे मिटले. तिच्या हाताने बघायचं असलं की ते डोळे मिटत. पण या वेळी ते मिटलेलेच राहिले, ओठही अर्धवट उघडे.

"झालं. बगळा झोपला," मावशी म्हणाल्या आणि त्याच्या डोक्यावर त्यांनी एक थाप मारून पाहिली. चित्र काही हललं नाही.

सिस्टरने हात मागे घेतला. अँब्युलन्ससुद्धा आता पाच गावांत एकच, आणि शहर चार तासांवर. साध्या पोटदुखीला ती धाडली आणि तेवढ्यात दुसऱ्या गावात कुणाचा जीव टांगणीला लागला तर? आणि नाही बोलावली, आणि या माणसाच्या आत काही फुटलं तर?

"गॅस असेल हो," ड्रायव्हर म्हणाला. ओठ पांढरे पडले होते, पण तोंड चालूच. "चारची बस न्यायचीय मला. आणि राग मानू नका बाई, पण हात आहे की बर्फाची लादी?"

सिस्टरने आपल्या हाताकडे पाहिलं. बावीस वर्षं रोज डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट, आणि ऐन वेळी नेमकी तीच विसरावी? कुणालाही हात लावण्याआधी डॉक्टर चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून उभे राहायचे. प्यायचे मात्र कधीच नाहीत. तपासणी संपेपर्यंत चहा गार व्हायचा आणि मावशी कुरकुरत तो ओतून द्यायच्या. तिने एकदा विचारलंही होतं. "थंड हात लागला की पोट खोटं बोलतं," एवढंच ते म्हणाले होते.

"मावशी, चहा आणा. चांगला उकळता."

"आत्ता? ही काय चहा प्यायची वेळ आहे?"

"प्यायचा नाहीये."

तिने ग्लास तळव्यांत धरला. चटका बसला तरी सोडला नाही. मग डोळे मिटले आणि हात ठेवला.

पोट आधी दचकलं, मग मळून ठेवलेल्या पिठासारखं हळूहळू सैल पडत गेलं. हात आपणहून पुढे सरकू लागला. तो आपला नाहीच, आपण बाजूला बॅटरी धरून उभ्या आहोत, असं तिला वाटत राहिलं. भीती कुठल्या कुठे गेली. उजवीकडे खाली मात्र रुपयाएवढी एक जागा काही केल्या सैल पडेना. तिने तिथे सावकाश दाबलं. ड्रायव्हर गप्प राहिला. तिने पटकन हात उचलला, तशी त्याने खाटेची कड घट्ट पकडली.

"दाबताना दुखलं की सोडताना?"

"सोडताना," तो कसाबसा म्हणाला. बसचं नाव काही पुन्हा काढलं नाही.

"मावशी, अपेंडिक्स दिसतंय. अँब्युलन्सला फोन लावा. शहरात ऑपरेशनची तयारी ठेवायला सांगा."

"डॉक्टरांना न विचारता?"

"लावा तुम्ही."

मावशींनी फोन लावला. गाडी शेजारच्याच गावात मोकळी होती, लगेच निघाली. तेवढ्यात बगळा जागा झाला. चित्र परत आल्याचं डॉक्टरांना कळलंच नव्हतं. ते खुर्चीत मागे टेकून बसले होते, म्हणून एरवी पडद्याच्या खाली राहणारं आज दिसलं. त्यांच्या दोन्ही तळव्यांत चहाचा कप होता.

तिकडे कुणाच्या पोटाला हात लावणार होते ते?

"सोडताना दुखलं, डॉक्टर," ती म्हणाली. "मी गाडी मागवली."

डॉक्टर दचकून पुढे वाकले. "आणि हात?"

"गरम होते."

डॉक्टरांनी हातातल्या कपाकडे पाहिलं. मग त्यांनी तो तोंडाला लावला आणि सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत चहा पिऊन टाकला.