मैफलीचं रीळ

“अख्खी मैफल आहे यात. जपून हं,” म्हणत सासऱ्यांनी रीळ सुनेच्या हातावर ठेवलं. “संपादक अकराला येणार आहेत. येऊ देत. आपल्याला कसली धास्ती?”

“कसलीच नाही, बाबा,” ती म्हणाली आणि डार्करूमचं दार लावून घेतलं.

रिळाची जीभ, म्हणजे फिल्मचं टोक, आत गुंडाळली न जाता बाहेरच होती. म्हणजे ती कॅमेऱ्यात अडकलीच नव्हती, फिल्म इंचभरही पुढे गेली नव्हती. काल सभागृहातच तिला शंका आली होती. मंचाला खेटून बाबा खटाखट फोटो काढत होते, पण फिल्म सरकली की डावीकडची जी कळ फिरते, ती ढिम्म होती. चाळीस वर्षं मैफली टिपणाऱ्या माणसाला चारचौघांत सांगायचं तरी कसं? त्यात संपादकांनी आधीच ऐकवलेलं, “हात कापतात आता तुमचे. यंदा बिघडलं तर पुढच्या मैफलीला दुसरा माणूस.”

म्हणून पिशवी सांभाळायला गेलेल्या सुनेने पिशवीतला जादा कॅमेरा बाहेर काढला होता.

आता तिने बाबांचं रीळ खिशात टाकलं, दिवा मालवला आणि स्वतःचं रीळ टाकीत भरलं. मंचावर उजेड कमी होता, म्हणून फिल्म औषधात तीन मिनिटं जास्त ठेवली. दर मिनिटाला टाकी उलटी-सुलटी केली. हात एकदाही अडखळला नाही.

बाहेर बाबा खुशीत गुणगुणत होते. देवा, त्यांचा हा भरवसा असाच राहू दे, ती मनात म्हणाली.

अकराला संपादकांनी फोटोंवर भिंग धरलं. तान संपवून गायिका श्वास घेत होती. गळ्याची शीर न् शीर दिसत होती.

“बाविसावा! मुखपृष्ठावर हाच,” संपादक म्हणाले. “मानलं बुवा. तुम्हाला उगाच मोडीत काढत होतो.”

“काढाच,” बाबा हसले. “फोटोखाली नाव हिचं घाला. पुढच्या मैफलीलाही हीच येईल.”

सुनेचा चेहरा पडला. “बाबा… तुम्हाला कधी कळलं?”

“कळायचंय काय त्यात? दहा वेळा म्हटलं, तू काढ. तू आपली पिशवी धरून उभी! शेवटी काल मी कॅमेऱ्यात फिल्म घातलीच नाही.”