सोळा तासांवरचा मुलगा

"अंगठा देणार नाही म्हणजे नाही. आमच्या घरात मुलानं वाचल्याशिवाय एकही कागद पुढे सरकत नाही."

डॉक्टरबाईंनी ऑपरेशनच्या संमतीचा कागद तिच्यापुढे तसाच धरून ठेवला. "मुलगा कुठे असतो?"

"अकरा हजार किलोमीटरवर. विमानात चौदा तास, मधे उतरून दुसरं धरायला दोन. सोळा." तिला अक्षरओळख नव्हती, पण हे आकडे ती चार वर्षं गल्लीभर मिरवत आली होती.

"आजी, आजोबांचं आतडं फुटलंय. फार तर तीन तास आहेत. कागद मी वाचून दाखवते."

"तुमचाच कागद, तुम्हीच वाचणार! छान!"

सव्वादहाला तिनं मुलाला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"आई, अंगठा दे."

"तू वाचल्याशिवाय नाही."

"...निघालो."

इंजेक्शननं नवऱ्याचे डोळे मिटले होते. ओठ पांढरे पडले होते. ती खाटेला चिकटून बसली. तीन आणि सोळा. मनातल्या मनात कितीदा मांडलं तरी मधले तेरा तास कुठे बसेनात. भीती वाटली की तिचं तोंड सुटायचं.

"गुरुवारी बागेतल्या बाकावर माझा डबा विसरून आलात. चांगला तीन खणांचा. सहा महिने झाले, दर गुरुवारी दोन माणसांचं जेवण एकटे चापताय, म्हणून हे पोट! आता स्वतःला कुठे विसरून जाऊ नका, सांगून ठेवते."

नवरा कण्हला. डॉक्टरबाई दोनदा दारात येऊन गेल्या. तिसऱ्यांदा दार उघडलं तेव्हा तिनं मानही वर केली नाही.

"आई."

दारात मुलगा उभा होता. धापा टाकत. अंगात घरोघरी सामान पोचवणाऱ्यांचा शर्ट, पायात झिजलेल्या चपला. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा.

"सोळा तास कुठे गेले रे?"

"नोकरी गेली, आई. सहा महिने झाले मला परत येऊन. तू गावभर माझं कौतुक सांगत फिरायचीस, तुझ्यासमोर यायचा धीर होईना. कागद दे आधी."

उद्या आला असता, तर त्याचं खोटं कुणाला कळलं नसतं. तिनं कागद दिला. त्यानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"दे."

तिनं अंगठा टेकवला. खाट ढकलत नेऊ लागले. तिच्या जिभेवर सहा महिन्यांचं सगळं गोळा झालं होतं. तेवढ्यात नवऱ्यानं डोळे किलकिले केले. मुलाकडे पाहिलं. त्याला जराही नवल वाटलं नाही.

"डबा आणलास का रे?" तो पुटपुटला. "गुरुवारपासून हिनं घर डोक्यावर घेतलंय."