ओळ सतरा

"सुरुवातीच्या फाइलमध्ये चूक. ओळ १७. प्रोग्रॅम बंद होत आहे." पडद्यावर हा मजकूर तिसऱ्यांदा आला आणि साहेबांनी टेबलावर हात आपटला.

"सकाळी चालू होतं ना?"

"पावणेदहापर्यंत चालू होतं," ती म्हणाली.

साडेअकरा वाजले होते. चार वाजता चौकशी पथक येणार होतं. त्याआधी पाणी तपासणी प्रयोगशाळेच्या नोंदींतून एकेचाळीस नमुने पुसले जायला हवे होते. टेकडीवरच्या टाकीचे, जंतू सापडलेले, सगळे नापास. टाकीखालच्या वस्तीत काविळीचे रुग्ण रोज वाढत होते. साहेबांनी साडेनऊला तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "तेवढी साफसफाई करून टाका."

"त्या नोंदींवर माझी सही आहे, साहेब."

"आणि तुमच्या नेमणुकीवर माझी. जमत नसेल तर उद्यापासून घरी बसा."

ती आपल्या खुर्चीत येऊन बसली होती.

बारा वर्षं ती या नोंदी सांभाळत होती. प्रयोगशाळेत तिला शिस्तबाई म्हणत. नोंदी शोधायचा आणि बदलायचा प्रोग्रॅम सुरू होताना आधी एक छोटी फाइल वाचतो. नोंदी कुठे ठेवल्यात, तारीख कशी मांडायची, कुणाला काय दाखवायचं, हे सगळं त्या फाइलीत असतं. ती तिनेच लिहिलेली. त्यात काहीही बदललं की ती त्या ओळीच्या शेवटी दोन आडव्या रेघा मारायची आणि पुढे वेळ, कारण आणि आपला कर्मचारी क्रमांक लिहायची. रेघांपुढचं मशीन वाचत नाही. ते माणसांसाठी असतं. सहकारी हसायचे. "शिस्तबाई शिंकल्या तरी वेळ टिपून ठेवतील."

"दुसऱ्या मशीनवर करा," साहेब म्हणाले.

"सगळी मशीनं हीच फाइल वाचतात."

"मग फाइलच उडवा."

"पत्ता फाडल्यावर पाहुणा घरी कसा पोचेल, साहेब? नोंदी कुठे आहेत हे त्या फाइलीतच आहे."

तिने फाइल उघडली. साहेबांनी नजर फिरवली. त्या बारीक अक्षरांनी त्यांचं डोकं दुखायचं. तिने सतरावी ओळ सावकाश दुरुस्त केली, ताडून पाहिली, पुन्हा ताडून पाहिली. प्रोग्रॅम सुरू केला.

"चूक. ओळ २३."

"आता ही कुठून आली?"

"हा एका वेळी एकच चूक सांगतो. ती निघाली की पुढची."

"चुका आहेत की उवा?" साहेब ओरडले आणि त्यांनी मुख्य कार्यालयातल्या तंत्रज्ञाला फोन लावला. स्पीकर चालू केला.

"घाबरू नका, साहेब," तिकडून तरुण आवाज आला. "दर रविवारी त्या फाइलची प्रत माझ्याकडे येते. पाच मिनिटांत पाठवतो. जुनी घाला, झालं काम."

साहेबांचा चेहरा उजळला. तिची बोटं कीबोर्डवर थांबली.

"फक्त आत्ताची एकदा बघू दे. इथून दिसते मला."

फोनवर कीबोर्डची टकटक ऐकू आली. खुर्ची करकरली.

"ताई, ओळींच्या शेवटी हे तुम्हीच लिहिता?"

"बारा वर्षं झाली. मीच."

टकटक थांबली.

"साहेब, रविवारची प्रत चालणार नाही."

"अहो, आत्ता तर म्हणालात—"

"तेव्हा बघितली नव्हती. एकेक ओळ हातानेच काढावी लागेल. ताई काढतील. चार वाजतील." आणि फोन बंद झाला.

अडीचला तिच्या नणंदेचा फोन आला. नणंद टाकीखालच्या वस्तीतच राहायची. "वहिनी, नळाचं पाणी ठीक आहे ना गं?" हाच प्रश्न तिने आठवडाभर विचारला होता आणि हिने "बघून सांगते" म्हणून टाळला होता. साहेब चार हातांच्या अंतरावर उभे होते.

"नाही," ती म्हणाली. "उकळल्याशिवाय घोटभरही नको. आजूबाजूला सगळ्यांना सांग. कुणी विचारलं तर माझं नाव घे."

"बाई!" साहेब म्हणाले.

"ओळ ३१," ती म्हणाली आणि पडद्याकडे वळली.

चारला पाच मिनिटं कमी असताना पथक आलं. एक अधिकारी बाई आणि त्यांचा सहायक. साहेब हसतमुखाने पुढे झाले. तोवर त्यांना उमगलं होतं की बिघडलेलं मशीनही वाईट नाही.

"काय सांगू मॅडम, सकाळपासून प्रोग्रॅमच सुरू होत नाही. टाकीच्या नोंदी मिळतील असं वाटत नाही. तांत्रिक गोष्ट आहे, तुम्ही तसं लिहून घ्या."

अधिकारी बाईंनी पेनचं टोपण काढलं.

"दोन मिनिटं थांबा," शिस्तबाई म्हणाली.

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग उरलेल्या सगळ्या ओळी एका दमात बदलल्या. कुठलीच ताडून पाहिली नाही. प्रोग्रॅम मुकाट्याने सुरू झाला. प्रिंटर खरखरला. एकेक करत एकेचाळीस नापास नमुने कागदावर उतरले. प्रत्येकाखाली तिची सही होती.

साहेबांचं हसू जिथल्या तिथे राहिलं.

"दिवसभर अडलेलं दोन मिनिटांत सुटलं?" अधिकारी बाईंनी विचारलं. "चूक होती तरी काय?"

तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. साहेबांनी खिशातून चष्मा काढला आणि सतरावी ओळ पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली.

"-- सकाळी ९:४८. ही आणि पुढे आणखी आठ ओळी मुद्दाम बिघडवल्या. कारण : साहेबांनी ४१ नापास नमुने पुसायला सांगितले आहेत. चार वाजता, पथकासमोर, पूर्ववत करीन. कर्मचारी क्र. ३१२."