पहिली बुडी

अंजनानं मनगटावरचा पांढरा दोरा दातानं तोडला आणि महाराजांच्या पादुकांपुढं ठेवला.

"मी निघाले," ती म्हणाली.

पहाटेची बैठक चालली होती. तिचा नवरा दादासो म्हणजे गावातल्या परिवाराचा प्रमुख. त्यानं मिटलेले डोळेही उघडले नाहीत.

"दुपारला संगमावर जमायचं," तो म्हणाला. हे तिला नव्हतं, बाकीच्यांना होतं.

श्वेतमार्गी परिवाराचे नियम ढीगभर. बाहेरच्याच्या हातचं खायचं नाही, बाहेरच्याच्या लग्नाला जायचं नाही, बायकांनी फोन बाळगायचा नाही. यातलं महाराजांना स्वतःला काय लागू आहे हे विचारायचं नाही, हा तर सगळ्यांत कडक. आणि जो सोडून जाईल, त्याच्या नावानं कराडच्या संगमावर आंघोळ करायची. चारचौघं हे रागाच्या भरात नुसतं बोलतात, परिवारातली माणसं खरोखर करतात. रक्ताच्या माणसानं पहिली बुडी मारायची. सगळे कमरेइतक्या पाण्यात उतरले की प्रमुख ते नाव घेतो, त्याआधी कुणी तोंडातून काढायचं नाही. बुडी मारली की गेलेला माणूस मेला. त्यानं पुन्हा येऊन दोरा बांधला तरच त्याचं तोंड बघायचं.

दोन वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक लेक पल्लवी अशीच गेली. कराडला इंजिनिअर झाली, सांगलीत नोकरी धरली आणि परिवाराबाहेरच्या जयराजशी लग्न करून मोकळी झाली. तिच्या नावानं पहिली बुडी अंजनानंच मारली होती. नवऱ्याच्या धाकानं मारली, पण मारली. पाण्यातून डोकं वर काढलं, तर पल्लवी घाटाच्या पायरीवर उभी राहून बघत होती. रडत नव्हती, नुसती बघत होती.

तेव्हापासून अंजनाच्या घशाखाली घास उतरेना. अंगावरचं चोळीपोलकं ढगळ झालं. घरात कुणी विचारलं नाही. विचारायची ती एक रेश्मा, बांगड्या भरायला येणारी. सांगलीपर्यंत फिरायची, तेवढी लेकीची खबर आणायची. बांगड्यांवर नियम करायचं महाराजांना सुचलं नव्हतं, हे नशीब. मागल्या खेपेला अंजनानं तिच्याकडून लेकीचा पत्ता समजून घेतला. विश्रामबाग, कॉलेजच्या मागं, पिवळं फाटक.

कराडच्या स्टँडवर तिनं चहा घेतला. बाहेरच्याच्या हातचा, कित्येक वर्षांतला पहिला. चहा भलताच गोड होता, तरी तिनं तो शेवटपर्यंत प्याला.

सांगलीच्या गाडीत शेजारी एक बाई बसली. मांडीवर गाठोडं, तोंडात तंबाखू.

"कुठं निघालासा?"

"लेकीकडं."

"लय दिसांनी जाताय जनू."

"व्हय. लय दिसांनी."

"मग हात रिकामं कसं वं?"

अंजना ओशाळली. लेकीच्या घरी पहिल्यांदा चाललो आणि ओटीचंही भान राहिलं नाही. उतरल्यावर खण-नारळ घ्यायचा, असं तिनं मनाशी ठरवलं.

खिडकीबाहेर ऊस मागं पळत होता. आज दुपारी आपल्या नावानं आंघोळ होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याचं काही वाटत नव्हतं. तिचं माहेर जतकडचं, तिथलं कुणी परिवारात नाही. पहिली बुडी मारायला आपल्या रक्ताचं माणूस दादासो आणणार कुठून? या विचारानं तिला या सगळ्यात पहिल्यांदाच हसू आलं.

भीती होती ती एकच. पल्लवी दार उघडेल का? उघडलं तर काय बोलायचं, ते तिनं वाटभर घोकलं. चुकलं बाई माझं. एवढंच. पुढं लेकीनं तोंडावर दार लावलं, तर तेही रास्तच होतं. पण एकदा तिला डोळे भरून बघायचं होतं. त्यापायी घर, नवरा, सगळ्यावर तिनं पाणी सोडलं होतं.

खण-नारळ पदरात धरून तिनं पिवळं फाटक ढकललं. बेल वाजवली.

दार जयराजनं उघडलं. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. तो तिच्याकडं बघतच राहिला. मग तिच्या पाठीमागं रस्त्याकडं बघू लागला.

"आई, तुमी? आन् पल्लवी कुठाय?"

"तिलाच भेटाय आलेय, बाबा. मी सोडलं समदं. घरात हाय नव्हं ती?"

जयराज उंबऱ्यावरच खाली बसला.

"ती सकाळच्या गाडीनं गावाकडं गेली. परिवारात परत. रेश्माताई सांगून गेल्या, आईनं अन्न सोडलंय, महिनाभर बी काढायच्या न्हाईत. मी लय विनवलं, जाऊ नगंस. म्हणाली, दोरा बांधल्याबिगर मला आईला बघता येत न्हाई. त्यापायी मला सोडून गेली."

अंजनानं दाराची चौकट धरली. "फोन लाव तिला. आत्ताच्या आत्ता लाव."

"बंद हाय. काढून घेतला तिथं. त्याआधी एकदाच बोलली, लय खूश हुती. म्हणाली, दोरा बांधला. आता वडलांबरोबर संगमावर निघालेय. शुद्ध व्हायला एक बुडी मारायची म्हनं, मग लगेच आईला भेटवणार हायेत."